घोरपडींचे शंभर टक्के

प्राण्यांना शेपटीपेक्षा टक्केवारीची ऐट वाटायची, त्या काळातली ही गोष्ट. रानातल्या रस्सीखेचीत रानडुकरांनी दहापैकी आठ सामने जिंकले होते, दोन हरले होते. त्यांचा कर्णधार सुळोजी विजेत्यांच्या ढालीसाठी चिखलात लोळून, नटून आला होता.

गुण मांडणाऱ्या बगळ्याने निकाल वाचला, "रानडुकरं ऐंशी टक्के. घोरपडी शंभर टक्के."

"अरे, त्यांनी एकच सामना जिंकलाय," सुळोजी म्हणाला. "तोही आम्ही कंद दिसला म्हणून दोर सोडला तेव्हा. बाकी नऊ वेळा त्या नुसत्या जमिनीला चिकटून बसल्या आणि सामने बरोबरीत सुटले."

"बरोबरीचे सामने मोजायचेच नाहीत, हा नियम तुझाच. बरोबरी भित्र्यांची, असं तूच म्हणाला होतास. उरला एक, तो त्यांनी जिंकला."

"मग बरोबरीला अर्धा विजय धर. त्यांचे पंचावन्नच होतील."

"ढाल गेल्यावर आठवलं होय?" बगळा म्हणाला.

पुढच्या वर्षी सुळोजीने आपला संघ जमिनीला चिकटवून बसवला. बाकीच्यांनीही तेच केलं. वर्षभर दोर तसूभरही हलला नाही. मोजायला एकही सामना न उरल्याने शून्याला शून्याने भागायची पाळी बगळ्यावर आली. विचार करायला म्हणून त्याने एक पाय वर घेतला, तो अजून खाली टेकवलेला नाही.