धुरपदाचं कुंपण

फार फार वर्षांपूर्वी, कातरखडीच्या वाटेला सावलीसुद्धा थांबत नव्हती, तेव्हाची ही गोष्ट.

त्या खडकाळ गावात धुरपदा नावाची माळीण नांदायला आली. आईच्या दारच्या गावठी गुलाबाच्या काड्या तिने पदरात बांधून आणल्या आणि बांधावर खोचल्या. बुडाशी पालापाचोळा अंथरला, मधे मधे लसूण लावला. पाण्याचे लाड मात्र केले नाहीत. तरी कुंपण माणसाच्या उंचीचं झालं. चैत्री पुनवेला ग्रामदेवी भानाईच्या पालखीवर तिचेच गुलाब चढत. आई गेल्यावर माहेरची म्हणून तेवढीच खूण तिच्यापाशी उरली होती.

एका वर्षी कोवळ्या शेंड्यांवर रस शोषणारा मावा बसला. पाठोपाठ काळे, काटेरी किडे आले, दिसायला अगदी ओंगळ. गाव हादरलं. ही कीड मळ्यात उतरली तर खायचं काय? पाटील पेटती चूड घेऊनच आले.

"धुरपदे, बाजूला हो. जाळल्याबिगर ही ब्याद जायची न्हाई."

धुरपदा आडवी उभी राहिली. काळा किडा मावा खाताना तिने पाहिला होता. पण मावा संपल्यावर तो पानांवर तुटून पडणार नाही कशावरून, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"पाटील, पुनवेपत्तुर थांबा. पालखीला फुलं न्हाई निघाली, तर चूड मीच लावीन."

मावा ओसरला, पण काळे किडे पानांना चिकटून निपचित पडले. कळ्या मिटलेल्याच. धुरपदा रोज पहाटे उठून एकेक कळी चाचपून बघे.

पुनवेला दिवस कलता कलता पालखी बांधाशी आली. फूल एकही नव्हतं. पाटलांनी मशालीवर चूड पेटवली आणि तिच्या हाती दिली.

"दिला शब्द पाळ."

तिने आईला हाक मारली आणि पाऊल उचललं. बघते तर कुंपण शेंड्यापासून बुडापर्यंत लाल झालेलं! लोकांनी हात जोडले, तोच ती लाली उडाली, असं म्हणतात. त्या ओंगळ किड्यांनीच कात टाकली होती. लाल पाठीचे, ठिपकेवाले होऊन ते पालखीवरून गेले आणि त्यांच्या पंखांच्या वाऱ्याने कळी न् कळी उमलली, असं म्हणतात. धुरपदाने चूड मातीत खुपसली आणि तिथेच बसून ती पोटभर रडली.

आजही कातरखडीत गुलाबावर विषारी औषध कुणी मारत नाही. पुनवेला पालखी त्या बांधाशी आली की मशालवाले मशाली मातीत खुपसून विझवतात. सगळं गाव नुसत्या चांदण्यात गप्प उभं राहतं. गुलाबाचा वास आला, की मगच भानाई पुढे निघते.