दुसऱ्या गटातली गोदाक्का

“म्हणजे तिला अभ्यासात ठेवायचं ना, मॅडम?”

आवटी मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“गेल्या महिन्यात तूच म्हणत होतास, तिला काढून टाकू या.”

“तेव्हा ती चोरून व्यायाम करत होती.”

“आणि आता?”

“आता ती पडली.”



निनाद मगदूम सांगलीच्या एका व्यायामशास्त्र महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला होता. एके काळी आठशे मीटर धावायचा. राज्य पातळीपर्यंत जाऊन आला होता. मग गुडघ्यानं दगा दिला आणि मैदान सुटलं. जिंकायची सवय तेवढी अंगात राहिली. आता तो प्रबंध जिंकायला निघाला होता.

मार्गदर्शक होत्या आवटी मॅडम. निवृत्तीला आलेल्या, बोलायला मोजक्या. त्यांच्या हाताखाली काम मिळालं म्हणजे पोराचं भलं झालं, असं महाविद्यालयात मानत.

विषय साधा होता. तोल सांभाळायचा व्यायाम दिला, तर म्हातारी माणसं पडायची थांबतात का?

नदीकाठच्या एका वृद्धाश्रमातल्या बायकांचे निनादनं चिठ्ठ्या टाकून दोन गट केले. एकाला रोज सकाळी व्यायाम. दुसऱ्याला काही नाही. तुलनेला कुणीतरी हवं, नाहीतर व्यायामाचा गुण कळणार कसा? अभ्यास संपला की दुसऱ्या गटालाही सगळं शिकवायचं, असं आश्रमाला सांगितलेलं होतं. शास्त्र असंच चालतं, आणि त्यात वावगं काही नव्हतं.

गोदाक्का चौगुलेची चिठ्ठी निघाली दुसऱ्या गटाची.

पण सूतगिरणीत उभ्यानं जन्म काढलेली ती बाई. गप बसणं तिला ठाऊक नव्हतं. सकाळी व्यायामाच्या दालनाच्या दारात उभं राहून ती बघायची. मग आपल्या खोलीत जाऊन, खाटेचा दांडा धरून, तसंच करायची. एक पाय उचलायचा, दम धरायचा, खाली टेकायचा. मग दुसरा.

हे निनादला कळलं तेव्हा तो तडक मॅडमकडे आला होता. तिला काढू या म्हणाला. मॅडम पेपर तपासत होत्या.

“काढायची कशाला?” त्या मान वर न करता म्हणाल्या होत्या. “थांबव तिला. नियम म्हणजे नियम.”

निनादनं जाऊन थांबवलं.

आणि आता गोदाक्का न्हाणीच्या उंबऱ्याशी पडली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

बातमी कानावर आली तेव्हा निनादच्या मनात पहिली गोष्ट आली ती हीच, की व्यायाम न केलेल्या गटातली एक बाई पडली. निष्कर्षाला बळ आलं. असं आपल्या मनात आलं, याचंही त्याला काही वाटलं नाही. तो सायकल काढून मॅडमकडे निघाला.

“भेटलास तिला?” मॅडमनी विचारलं.

“नाही… आश्रम चालवणाऱ्या बाईंशी फोनवर बोललो. पडल्याची तारीख लिहून घेतली.”

“कुठला पाय मोडला?”

निनादनं वही उघडली. तीत तारीख तेवढी होती.

“भेटून ये.”

“जातो ना. पण ठेवायचं की नाही, तेवढं सांगितलं असतं तर…”

मॅडमनी चष्मा लावला आणि समोरचा कागद ओढून घेतला.

सरकारी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना निनादच्या ध्यानात आलं, की आपण रिकाम्या हातानं आलोय. परत फिरायलाही लाज वाटली. तसाच आत गेला.

गोदाक्काच्या डाव्या पायाला वजन बांधून तो खाटेला अडकवला होता. चेहरा लहान झालेला.

“आलास व्हय रे पोरा,” ती म्हणाली. वाटच बघत असल्यासारखी.

त्यानं स्टूल ओढलं.

“दुखतंय का, आजी?”

“दुखनारच की. हाड हाय ते.”

निनादचं लक्ष बाजूच्या खाटेकडे गेलं. तिथं एक सून सासूला पेज भरवत होती.

“आजी… तो व्यायाम कशासाठी करत होता तुम्ही?”

गोदाक्का हसली.

“उंबऱ्यासाठनं. न्हानीला जायचं म्हटलं की कुनालातरी हाक मारायची. मग ती येनार, हाताला धरून आत नेनार, आनि तितंच उभी राहनार. आरं, न्हाताना तरी मानसानं एकटं असावं का न्हाई? तुझ्या त्या बाया पाय उचलाय लागल्या, तवा म्हटलं, हे आपल्या कामाचं हाय.”

“मग थांबलात कशाला?”

विचारलं आणि निनादनं जीभ चावली.

“तूच म्हनलास न्हवं? आजी, माझं सगळं काम वाया जाईल. म्हटलं, आपल्या पायापायी लेकराचं नुकसान कशाला.”

“आणि परत… कधी एकदा तरी…?”

“न्हाई. शबुद दिला हुता तुला.”



गोदाक्का त्याच्याकडे बघत होती. मग तिनं जरा पुढं सरकायला बघितलं, पाय ओढला गेला तशी कळवळली, आणि हळूच म्हणाली,

“पडले त्याचा तुझ्या कामाला काय उपेग झाला का रे?”

त्यात टोमणा नव्हता. राग तर नव्हताच. उलट डोळ्यांत एक आशा होती. आपलं हाड मोडलं ते मोडलं, निदान कुणाच्या कामी तरी आलं असावं, अशी.

सकाळी मॅडमकडे निघताना जे त्याच्या मनात आलं होतं, तेच ती विचारत होती. त्याला ‘हो’ म्हणवेना. ‘नाही’ म्हटलं तर ते खोटं झालं असतं.

तो उठला. खाटेशेजारचा तांब्या घेतला आणि तिच्या पेल्यात पाणी ओतू लागला. पेला आधीच भरलेला होता. पाणी टेबलावरून खाली सांडलं.

“ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे,” गोदाक्का म्हणाली. “मावशी पुसंल.”

निनादनं खिशातला रुमाल काढला आणि गुडघे टेकून ती फरशी स्वतः पुसली.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या दारात उभा राहिला तेव्हा रात्रभर झोप नसल्याचं तोंडावर दिसत होतं.

“काढून टाकतो तिला, मॅडम. मला तिच्या पडण्याचा फायदा नको.”

“काढलीस, तर ती पडलीच नाही असं होईल.”

“मग ठेवतो.”

“ठेवलीस, तर तिनं व्यायाम केला नाही म्हणून ती पडली, असं होईल.”

“तसंच झालं ना?”

“तसंच झालं?”

निनादला गोदाक्काचा शब्द आठवला. ती करत होती. तिनं सोडलं नव्हतं. सोडायला लावलं होतं.

मग एकाएकी तो भडकला.

“पण थांबव म्हणून तुम्हीच सांगितलंत! मी विचारायला आलो होतो, मॅडम. तुम्ही मान वर करूनसुद्धा बघितलं नाहीत!”

या खोलीत एवढ्या मोठ्यानं कुणी बोललं नव्हतं. व्हरांड्यातून जाणारा कारकून थबकला आणि मुकाट पुढं गेला.

“हो,” मॅडम म्हणाल्या. “मीच सांगितलं.”

निनाद वाट बघत राहिला. त्या पुढं काहीतरी कारण देतील, शास्त्र सांगतील, म्हणजे त्याला आणखी रागावता आलं असतं. त्यांनी कारण दिलं नाही.

त्या खुर्चीतून उठल्या. टेबलाला वळसा घालून मोकळ्या जागेत आल्या. चपला काढल्या. दोन्ही हात छातीशी बांधले आणि एक पाय उचलला.

तोलाची चाचणी निनादनं आश्रमात अशीच घेतली होती.

“मॅडम…?”

मॅडम समोर भिंतीकडे बघत होत्या. अंग थरथरू लागलं. पाऊल आत-बाहेर वळू लागलं. चाचणीत इथं पाय टेकायचा असतो. त्यांनी टेकला नाही. कंबर एका बाजूला कलली, खांदा झुकला…

निनादनं झेप टाकून त्यांना धरलं. दोन्ही हातांनी.

काही क्षण त्यांचा सगळा भार त्याच्यावर होता. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा त्या फार हलक्या होत्या.

“कुणाला विचारलंस?” मॅडमनी विचारलं.

“म्हणजे?”

“हात पुढं करायच्या आधी… कुणाला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? तुम्ही पडत होता!”

“हात द्यायचा नाही, असा नियम मी सांगितला असता तर?”

निनादच्या हातांची पकड तशीच होती. 

मॅडम सावकाश सरळ झाल्या. चपला घातल्या. खुर्चीत जाऊन बसल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“झालं तसं लिही,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू? तिला थांबवलं असं? परीक्षक विचारतील, मॅडम. सगळं वाया जाईल.”

“जाईल कदाचित. मी थांबवायला सांगितलं, तेही लिही.”

“तुमचं नाव घालून?”

“पहिल्या पानावर छापतोसच की.”

निनाद लिहायला बसला. आधी लिहिलं, ‘सहभागी महिलेस व्यायामापासून थांबवण्यात आले.’ वाचून बघितलं. खोडलं. मग लिहिलं, ‘मार्गदर्शकांच्या सूचनेवरून मी गोदाक्कांना थांबवलं.’ प्रबंधात अशी भाषा चालत नाही, आणि नावही द्यायचं नसतं. त्यानं नाव काढलं. ‘मी’ तेवढा राहू दिला.

ठरल्याप्रमाणं अभ्यास संपल्यावर तो दुसऱ्या गटाला शिकवायला गेला. बायका खुर्च्यांच्या पाठी धरून रांगेत उभ्या राहिल्या. गोदाक्का वॉकर घेऊन यायची आणि बसल्या बसल्या पाय हलवायची. हाड जुळलं होतं, पण जुन्यासारखं नाही. न्हाणीला जाताना तिला पुढं कायमच कुणाचा तरी हात लागला. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. निनादला मात्र तिच्या डोळ्याला डोळा भिडवताना जड जायचं. पण तो जायचा चुकला नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक जाणते होते. त्यांनी प्रबंधातल्या त्या पानावर बोट ठेवलं.

“हा परिच्छेद नसता, तर तुमचा निष्कर्ष अधिक ठाम दिसला असता.”

“हो, सर.”

“फरक दिसतो, पण छातीठोक सांगता येत नाही, असं तुम्हीच लिहिलंय.”

“हो, सर. सांगता येत नाही.”

परीक्षकांनी आवटी मॅडमकडे बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. परीक्षकांनी पान उलटलं. निनाद पास झाला, साध्या श्रेणीत.

मग निनाद आणि मॅडम मैदानाच्या कडेनं चालत निघाले. पलीकडे मुलींचा खो-खो चालला होता. धूळ उडत होती.

“मॅडम,” निनाद म्हणाला, “पुढं संशोधन केलं तर मी दुसरा गट ठेवणारच नाही.”

“ठेवायचा.”

“मॅडम…?”

“नाहीतर गुण व्यायामाचा आहे की तुझ्या हौसेचा, हे कळायचं कसं?”

निनाद थांबला. हे त्याला अपेक्षित नव्हतं.

“आणि त्यात पुन्हा कुणी गोदाक्का निघाली तर? … तर काय करायचं?”

मॅडमही थांबल्या. 

“तेव्हा मला विचारायला येऊ नकोस.”