पहिला खांदा

“म्हणजे गावात पहिला आला कोण, हे अजून ठरत नाही?” भानगिरी महाराजांनी विचारलं.

विश्राम पार्टे मान खाली घालून बसला. कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस, पण मोडी वाचायला याच मठाच्या ओसरीवर शिकलेला. कुंभळवणे कुणी वसवलं ते मी शोधून काढतो, असं त्याने भर गावबैठकीत छातीठोकपणे सांगितलं होतं. ज्यांनी गाव वसवलं त्यांचा देवीच्या पालखीला पहिला खांदा. त्यावरून पार्टे आणि धनावडे यांचं बोलणं तुटलं होतं. विश्रामची बहीण धनावड्यांकडे दिलेली. दिवाळीला ती माहेरी आली नाही.

“कागद सापडले, महाराज. पण जेवढे सापडतात तेवढा गोंधळ वाढतो. एकात गाव वसवणारा राघोजी पार्टे. दुसऱ्यात राघोजी धनावडे. साल तेच, बापाचं नावही तेच.”

“एकच माणूस असेल.”

“मग आम्ही भावकी ठरतो. बहीण भावकीतच दिली, असं होईल.”

महाराज हसले नाहीत.

“आणि दोन असतील तर?”

“तर एक कागद खोटा. कुठला, ते कळत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात... सोमवारी पालखी निघेल. सगळे माझ्या तोंडाकडे बघतील.”

“राघोजीला गाव वसवायला दिलेला कौल आणलायस?”

विश्रामने पिशवीतून नक्कल काढली आणि वाचू लागला. ‘मौजे कुंभळवणे ओसाड पडले आहे. तेथे वस्ती करून सुखरूप राहावे...’

तो थांबला.

“पुढं नुसत्या गावाच्या हद्दी आहेत.”

“वाच.”

‘पूर्वेस ओढा. दक्षिणेस खिंडीची वाट. पश्चिमेस शेंदरी देवीचे ठाणे...’

महाराजांनी हात पुढे केला आणि तळवा कागदावर ठेवला.

“ही देवी कुठली?”

“आपलीच. जिची पालखी...”

हा कौल विश्रामने कितीदा वाचला होता. वर्गात मुलांना वाचून दाखवला होता.

“राघोजी अजून यायचा होता,” महाराज म्हणाले. “मग शेंदूर कोण लावत होतं?”

“पण महाराज, गाव ओसाड होतं. इथंच लिहिलंय...”

महाराजांनी हात उचलला नाही.

विश्राम त्या हाताकडे बघत राहिला. दोन राघोजींचा गुंता सोडवायला तो आला होता. आता ते दोघंही कुठेतरी मागे राहिले.

“मग सोमवारी गावाला सांगू काय?”

“पहिला खांदा मोकळा ठेवा म्हणावं.”

“मोकळा? पालखी कलंडेल, महाराज.”

महाराजांनी हात उचलला. कागद घडी करून त्याच्या मांडीवर ठेवला.

“शेंदूर लावणाऱ्यांचा खांदा इतकी वर्षं नव्हताच. आजवर कलंडली?”