हैबती नावाड्याचा नकार

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा एक नावाडी होता. नाव हैबती, पण हैबत म्हणाल तर औषधालाही नाही. त्याची बायको ठकू त्याच्यापायी अगदी मेटाकुटीला आली होती. होडी केव्हा सोडायची, किती माणसं घ्यायची, हे तो उतारूंनाच विचारी. कोणी म्हणे थांब, की तो थांबे. कोणी म्हणे अजून चौघे घे, की तो घेई. सुगीला सारं गाव त्याला धान्य देई, म्हणून गावातलं शेंबडं पोरही आपला धनी, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं. ठकू सांगून सांगून थकली. पालथ्या घड्यावर पाणी!

एकदा लोकांच्या आग्रहाने त्याने होडी खच्चून भरली. भर पात्रात ती कलली आणि एक म्हातारी पाण्यात पडली. तिच्या लुगड्याचा पदर कोणाच्या तरी हाती लागला म्हणून ती वाचली. हैबती घरी आला. होडी चालवावी की सोडून द्यावी, हे उद्या चार लोकांना विचारतो म्हणाला.

ठकूने कपाळावर हात मारून घेतला. "त्या चार लोकांनीच तर आज म्हातारी बुडवली असती. आता सवताला इचारा. कुणी कायबी म्हटलं तरी तुम्ही काय न्हाई करणार?"

हैबती विचार करू लागला. आजवर हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

"होडीत बसलेला जीव पल्याड उतरला पायजे," तो शेवटी म्हणाला. "त्यात मी कुणाचं ऐकणार न्हाई."

"मग तेवढं धरून ऱ्हावा. बाकीचं खुशाल गावाला इचारा."

पुढे पाटलांच्या मुलाचं वऱ्हाड निघालं. नदी फुगलेली आणि मुहूर्त जवळ आलेला. सारं वऱ्हाड एकाच खेपेत न्यायचं, असा पाटलांचा हुकूम झाला. ठकू काठावर धुणं धूत होती. हैबतीने मान खाली घातलेली पाहून तिचा जीव जळला. आता हा होय म्हणणार, हे ती धरूनच चालली.

पण हैबतीने वल्हं खाली ठेवलं. आधी नवरदेव आणि भटजी, बाकीचे पुढच्या खेपांना, असं त्याने सांगितलं. यंदा आमच्या घरचा दाणाही मिळणार नाही, असा पाटलांनी दम भरला.

"नका देऊ," हैबती म्हणाला. "पर एवढी माणसं मी एका खेपंला नेणार न्हाई."

नवरदेव मुहूर्ताला पोचला. पाटील पोचले ते अक्षता पडून गेल्यावर. सुगीला त्यांनी खरोखरच दाणा दिला नाही. ठकूचा तिळपापड झाला, हैबतीला मात्र शांत झोप लागत होती.

पुढल्या वर्षी पाटलांच्या सुनेला पलीकडे माहेरी मुलगा झाला. नातवाला आणायला पाटील काठावर आले. पाणी चढत होतं. त्यांनी हुकूम केला नाही. आज होडी सोडशील का, असं हैबतीला विचारलं.

"आज नको, पाटील."

पाटील मुकाट्याने माघारी वळले.

तात्पर्य: कोणत्या गोष्टीसाठी आपण मागे हटणार नाही हे ज्याला नेमकं कळलं, त्याला उभं राहायला दुसऱ्याच्या होकाराचा टेकू लागत नाही.