खारबंदरचं मीठ आणि येसूचं व्रत

"तुझा भाऊ निर्दोष आहे, येसू, आम्हाला पटतंय! पण त्याला सोडा म्हणून उग्रभानाला सांगायचं कोणी? आणि तो रुसला, तर मीठ द्यायचं कोणी?" न्यायगडचे राजे सत्यसेन महाराज म्हणाले आणि त्यांनी वरणभाताचा भला मोठा घास घेतला.

येसू त्यांची स्वयंपाकीण. ती पळी हातात धरून तशीच उभी राहिली. तिचा धाकटा भाऊ म्हादू मडकी विकायला समुद्रकाठच्या खारबंदरला गेला होता. तिथल्या बाजारात तो एवढंच म्हणाला, "मिठात वाळू आहे की हो!" झालं! तिथल्या उग्रभान राजानं त्याला उचलून तुरुंगात टाकलं.

बरं, म्हादू खोटं बोलला होता का? छे! न्यायगडात घासागणिक दाताखाली कचकच व्हायची आणि दरबारी मंडळी ती मुकाट गिळायची.

"महाराज," येसू म्हणाली, "मागे निवडुंगवाडीच्या राजानं एका धनगराला कोंडलं, तेव्हा आपण भर दरबारात त्याचा धिक्कार केला होता. तोही नगारे वाजवून!"

"केलाच होता! अन्याय आम्हाला खपत नाही!"

"मग उग्रभान महाराजांचा?"

"अगं, निवडुंगवाडीहून आपल्याकडं येतं काय? निवडुंग!" शेजारच्या पाटावरून प्रधानजी बोलले. "उग्रभान महाराजांची गोष्ट वेगळी. ते जरा कडक शिस्तीचे आहेत, इतकंच."

येसूच्या डोळ्यांत पाणी आलं. लहानपणी आई गेल्यावर म्हादूला तिनंच कडेवर वाढवलं होतं. "तुम्ही बोलणार नसाल, तर मी सोडवते!" ती एकदम म्हणून गेली.

प्रधानजी खो खो हसले. महाराजांनाही गंमत वाटली. "सोडव की! पण फौज मिळणार नाही, खलिता मिळणार नाही आणि उग्रभानाविरुद्ध एक वावगा शब्द काढायचा नाही. आमचा मित्र आहे तो! त्याच्या कपाळावर साधी आठी जरी पडली, तर तूही जा भावाच्या शेजारी. जमवलंस, तर भर दरबारात बक्षीस देईन!"

"बरं," येसू म्हणाली आणि ताक वाढायला वळली.

दुसऱ्या दिवशी महाराजांनी आमटीचा भुरका मारला आणि तोंड वेंगाडलं. "येसू! मीठ कुठं आहे?"

"मी अळणी व्रत धरलंय, महाराज. भावाच्या हातची चिमूट तोंडात पडेपर्यंत मिठाला शिवायचं नाही."

"मग दुसरीला चुलीपुढं बसव!"

"कुणाला बसवू? आपल्या गावची रीत ठाऊक आहे ना? एकीनं अळणी धरलं, की सगळ्याजणी तिच्या साथीला अळणी धरतात. राणीसाहेबांनीही धरलंय."

महाराजांनी राणीसाहेबांकडं पाहिलं. राणीसाहेब शांतपणे अळणी भात कालवत होत्या. व्रत मोडायला सांगायचं म्हणजे गावभर छी थू! आणि चूल होती बायकांच्या हातात. बाप्ये मंडळी चरफडत अळणी पिठलं गिळू लागली. प्रधानजींनी चोरून मीठ भुरभुरायचा बेत केला, तर त्यांच्या सासूबाईंनी बरणीच माळ्यावर ठेवून दिली होती!

इकडं खारबंदरच्या मिठाचे बैल न्यायगडच्या वेशीवर येत आणि भरल्या गोण्यांनिशी माघारी जात. उग्रभान राजाच्या तोंडचं पाणी पळालं. न्यायगडसारखं गिऱ्हाईक त्याला दुसरीकडं कुठं मिळणार? आजवर तो समजत होता, की आपल्यावाचून न्यायगडचं अडतं. आता आपलंच अडलंय म्हटल्यावर स्वारी धावत पळत न्यायगडला आली.

पंगत बसली. येसूनं वाढलं. उग्रभानानं घास घेतला आणि तो तसाच तोंडात घोळवत राहिला.

"मित्रा सत्यसेना, आमच्या मिठावर राग आहे का?"

महाराज घाईघाईनं म्हणाले, "छे छे! आम्ही तर चकार शब्द काढला नाही!"

"राग कसला, महाराज?" येसू पुढं होऊन गोड आवाजात म्हणाली. "आपलं मीठ म्हणजे काय सांगावं! आम्ही त्याची वाट पाहतोय. फक्त माझ्या व्रताचं उद्यापन व्हायला हवं. माझ्या भावानं चिमूटभर मीठ माझ्या तोंडात घातलं, की सगळं गाव खायला मोकळं!"

"मग बोलव की भावाला! कुठं असतो तो?"

"आपल्याकडंच, महाराज! आपल्याच तुरुंगात पाहुणचार घेतोय."

पंगतीत सगळ्यांचे घास थांबले. सत्यसेन महाराज उग्रभानाच्या कपाळाकडं टक लावून बघत राहिले. पण आठी पडेल कशी? मीठ विकायला आलेला माणूस! त्यानं ओढूनताणून हसू आणलं आणि खारबंदरला घोडेस्वार पिटाळला.

म्हादू आला, पण पार वाळून गेला होता. येसूनं त्याला पोटाशी धरलं आणि ती ढसाढसा रडली. मग भर दरबारात म्हादूनं चिमूटभर मीठ तिच्या तोंडात घातलं. कचकन् वाळू लागली, तरी तिनं आनंदानं गिळलं.

"झालं ना?" उग्रभानानं घाम पुसला. "बैल आत सोडू?"

"माझं व्रत फिटलं हो," येसू हात जोडून म्हणाली. "पण साळूनं आजपासून धरलंय. तिचाही भाऊ आपल्याकडंच आहे. तिचं फिटलं, की काशी धरणार. मग तानी, मग गोदा... आणि साथ तर सगळ्या गावाला द्यावीच लागते. आपल्या तुरुंगात भाऊ तरी किती आहेत, महाराज!"

उग्रभानानं आ वासला. सत्यसेन महाराजांनी हसू दाबायचा फार प्रयत्न केला; शेवटी पोट धरून, सिंहासनावर मागं रेलून ते असे हसले, की डोक्यावरचा मंदिल घरंगळला. "मित्रा, तुरुंगाचं दारच उघड! मलाही पापड खायचाय!"

दार उघडलं. येसूला सोन्याचे तोडे मिळाले. आणि संध्याकाळी गावात दवंडी फिरली: "ऐका हो ऐका! सत्यसेन महाराजांच्या करारी न्यायबुद्धीपुढं खारबंदरचा तुरुंग रिकामा झाला हो!" येसूला भारी हसू आलं, पण तोडे सुरेख बसले होते, म्हणून तिनं ते हसू पदराआड दाबलं.