तीन बिनकामाच्या ओळी

“...मग या तीन ओळी ठेवायच्या तरी कशाला, सर?”

उन्मेषच्या आवाजात प्रश्न कमी, निकाल जास्त होता.

मिरजेच्या पॉलिटेक्निकात शिकवता शिकवता मुजावर सरांनी वीस वर्षांपूर्वी एक गेम इंजिन लिहिलं होतं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. कोणीही त्याच्या जोरावर आपला गेम उभा करावा, कोणीही त्याचा कोड उघडून दुरुस्त करावा. सर निवृत्त झाले, तसं ते त्यांच्या विद्यार्थ्याच्या, उन्मेषच्या हाती आलं. चौदा महिने तो सगळा कोड मुळापासून नव्यानं लिहीत होता. वापरणारे लोक रोज विचारत, नवं कधी? तो उत्तरही देत नसे.

आता काम संपलं होतं. जाहीर करण्याआधी तो सरांना दाखवायला आला होता.

“ऐंशी हजार ओळींच्या एकोणीस हजार केल्या. नुसती अडगळ होती! आता या तीन ओळीच बघा. यांच्यामुळे बटण दाबलं की जुनं इंजिन क्षणभर बहिरं होतं. लगेच पुन्हा दाबलं तर ऐकतच नाही. मी काढून टाकल्या.”

सरांनी कीबोर्ड जवळ ओढला.

“तुझं चालू कर.”

इंजिनासोबतचा नमुन्याचा गेम उघडला. एक पाखरू, वाटेत खांब. एकदा बटण दाबलं की एक झेप.

सरांनी बोट टेकवलं... बोट थरथरलं. एकदा दाबायचं ते चारदा दाबलं गेलं. पाखरू छताला आपटून पडलं.

पुन्हा. पुन्हा पडलं.

उन्मेष पडद्याकडे बघायचं विसरला. दोन वर्षांत तो इकडे फिरकला नव्हता. सरांच्या हाताला कंप सुटलाय, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

“आता जुनं.”

तेच बोट. तीच थरथर. पाखरू मात्र अलगद उठलं, आणि एकेक खांब ओलांडत निघालं.

...

“सर, तुम्हाला तेव्हापासूनच हा...?”

“छे! तेव्हा मी एका दमात सुईत दोरा ओवायचो.”

“मग?”

“जतहून एका बाईंचं पत्र आलं होतं. हात थरथरतो, पाखरू सारखं पडतं म्हणून.”



लिहून ठेवलेली घोषणा उन्मेषनं पुसली. त्या तीन ओळी होत्या तशा नव्या कोडमध्ये उतरवल्या. मग जुनी फाइल उघडली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला बसला. ज्या ओळी सपासप छाटल्या होत्या त्यांच्यातून आता तो, माणसं निजलेल्या घरातून चालावं तसा, दबक्या पावलांनी जात होता.

एका वेड्यावाकड्या ओळीपाशी तो अडला.

“सर... इथे कोण आहे? ही ओळ कुणासाठी?”

सरांनी चष्मा वर सरकवून ती ओळ बराच वेळ न्याहाळली.

“मला तरी सगळे कुठे भेटलेत!”