‘मींड’च्या डोक्यावरची रेघ

“…मग निळा की शेंदरी, चाचा?”

दस्तगीर पेंटर बशीतला चहा फुंकत राहिले.

मिरजेतल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत कोण कुणाकडे आलं, किती वेळ बसलं, काही लपत नाही. श्रीनिधी बारा वाजल्यापासून चाचांच्या दारात बसली होती. पुण्याहून चित्रकला शिकून आलेली पोर. ‘मींड’ नावाचं संगीताचं नवं मासिक निघणार होतं आणि त्याचं मुखपृष्ठ तिच्याकडे होतं. पहिलंच काम. पण संपादकबाईंची अट होती: चाळीस वर्षं गाण्याच्या बैठकांचे बोर्ड रंगवणाऱ्या दस्तगीरचाचांनी मान डोलावली, तरच उद्या छपाई. नाहीतर दुसरा चित्रकार.

तिला ते झोंबलं होतंच. बोर्डवाल्याला काय विचारायचं?

तिनं समोरच्या उन्हातल्या फरशीवर कागद मांडले. नऊ रंग, सात फाँट.

“हा भैरवीचा पिवळा. हा मारव्याचा, दिवस बुडतानाचा. आणि अक्षरं बघा ना. डोक्यावरची रेघ काढूनच टाकलीय. आजकाल असंच चालतं.”

“झ्याक. हजामतच केलीयास की बिचाऱ्यांची.”

ती हसली नाही.

“गाणं शिकलीयास?”

“पाच परीक्षा दिल्यात.”

“मग मींड म्हंजे काय, सांग बघू. मी पडलो पेंटर माणूस.”

“एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायचं. मध्ये कुठं तुटू न देता…”

बोलता बोलता तिची नजर कागदावर गेली. म एकीकडे, ड एकीकडे.

…

“देते रेघ परत,” ती हळूच म्हणाली. “पण रंग कुठला?”

चाचांनी कुंचला तिच्या हातात दिला. वाटीभर पाणी पुढं सरकवलं.

“पाण्यानं?”

“नुसती रेघ काढ. अक्षरं नकोत.”

पहिल्या रेघेला तिचा हात तीनदा थबकला. इथं म येईल, इथं ड येईल, असं मनात चाललेलं. तापलेल्या फरशीनं रेघ पिऊन टाकली.

चाचांनी वाटी पुन्हा पुढं सरकवली.

दुसरी रेघ एकदाच अडली.

तिसऱ्या वेळी तिनं कागदांकडं बघितलंच नाही. ओठ मिटले, श्वास रोखला. फरशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत कुंचला न उचलता सरकत गेली.

ऊन कडक होतं. तिच्या डोळ्यांदेखत रेघ मागून मागून वाळत आली, आणि कुंचल्यापाशी येऊन संपली.

श्रीनिधीनं चाचांकडं बघितलं. कोऱ्या फरशीकडं हात केला. ओठ अजून मिटलेलेच, पण हात विचारत होता, गेली की!

चाचांनी मान डोलावली.

“गेली कुठं? दम तर अजून सोडला नाहीस.”